जगदेवीअक्काचा नकाशा आन् खदान गल्लीचं पाणी

बसा. समदे बसून घ्या. हा माईक बाजूला ठेवतो, नुसताच कुईकुई करायलाय. मला माईक लागत बी न्हाई. गल्लीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला 'पाणी आलंऽऽ' म्हणून वरडण्यात माझी वरसं गेली.

हितं जमलेल्या अक्का, मावशी, अण्णा, अप्पा, आन् पुढं खुर्च्यांवर बसलेले मोठे लोक. समद्यांला नमस्कार. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मीच मागून घेतलं. मागताना हिंमत लई व्हती. आता हितं उभा ऱ्हायलो तर ती सापडंना. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतेत. मला आज नुसतं चांगलं बोलता यायचं न्हाई. सांभाळून घ्या. न्हाई घेतलं तरी चालंल.

मला वळखता तुम्ही. मी माणिक. आपल्या पट्टण पंचायतीचा वाटरमन. ठेक्यावरला. चावी घेऊन गावभर पाईपांचे व्हॉल फिरवणारा. नळाला पाणी आलं की तुम्ही देवाचं नाव घेता, न्हाई आलं की माझं घेता.

आठ दिसांमागं सकाळी जगदेवीअक्का बसस्टँडवर जीपची वाट बघत बसली व्हती. कमलनगरला जायचं व्हतं तिला. तिथल्या बचत गटाच्या बायांनी बोलवलं व्हतं, मोबाईलवर आपल्या गावचा नकाशा कसा भरायचा ते शिकवायला. बाजूच्या बाईला म्हणली, 'जरा पेटी धर गं, छातीत कसंतरी व्हायलंय.' तेवढंच. दवाखान्यात नेलं, पण त्याच्या आधीच अक्का गेली व्हती, लिंगैक्य झाली व्हती.

माझ्या आधी तिघं बोलले. एक म्हणले, अक्का आपल्या गावची शान. एक म्हणले, डिजिटल क्रांती. एक म्हणले, आम्ही कायम तिच्या पाठीशी उभे व्हतो. मालक, कुठं उभे व्हता? मी तर सकाळपासून दुपारपर्यंत रस्त्यावरच असतो. मला कुणी दिसलं न्हाई. आन् हे बॅनर बघा. श्रद्धांजली अक्काला, आन् अक्काचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाकी समदे जित्ते माणसं हसायलेत त्याच्यावर.

राग येऊ द्या. मला बी यायलाय.

बरं. अक्का कोण व्हती ते नव्या माणसांला सांगतो. मादन हिप्परग्याची लेक, आपल्या गावची सून. बळेगार घराणं, म्हणजे बांगड्या भरणारे. नवरा गेला तवापासून बांगड्यांची पेटी तिनं उचलली. लग्न असो, डोहाळे असो, पंचमी असो, अक्का दारात. घरात येऊन बायांच्या हातात बांगड्या भरायची. आपण गडी माणसं वसरीवर बसतो, चहा पितो, निघून येतो. अक्का चुलीपर्यंत जायची. कुणाच्या घरात काय शिजतंय, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला दिवस गेलेत, समदं तिला ठावं. बांगडी भरायला येळ लागतो ना. तेवढ्यात बाया बोलतेत.

दोन वरसांमागं कॉलेजातल्या दोन पोरी आपल्या गावात आल्या व्हत्या. मोबाईलवर एक नकाशा असतो म्हणल्या. फुकटचा. समद्यांचा मिळून. कुणीबी त्याच्यात आपली गल्ली, आपला नळ, आपली नाली टाकू शकतं. ह्याच समाजमंदिरात तीन दिस शिकवलं. लई गर्दी व्हती. कामून? उप्पीट व्हतं, चहा व्हता. मी बी व्हतो. दुसऱ्या दिवशी उप्पीट नव्हतं, तर निम्मी माणसं. तिसऱ्या दिवशी कोण? एकटी अक्का. पोरी निघून गेल्या, अक्का काय थांबली न्हाई.

तिला भराभर लिहिता येत नव्हतं. मोबाईलला तोंडानं सांगायची. कानडी आन् मराठी एकात एक. मोबाईल बिचारा गोंधळायचा. ही म्हणायची बोअर, तो लिहायचा बोर. बिदरहून एक साहेब आले, तिचा नकाशा बघून म्हणले, 'तुमच्या गावात बोरीची झाडं लई दिसतेत.' हसलात. तवा बी हसलात तुम्ही. नकाशाअक्का म्हणून नाव ठेवलंत. 'अक्का, माझी म्हैस बी टाक की नकाशात,' असं कोण म्हणलं व्हतं? नाव घेऊ का? हितंच बसलाय तो. आज डोळे पुसायलाय.

आन् मी? मी हसलो न्हाई. मी वैतागलो. लई वैतागलो. अक्कानं माझा जीव खाल्ला. जेवायला बसलो की तिचा फोन. 'माणिक, शाळेच्या कोपऱ्यावरला व्हॉल कुठल्या गल्लीचा?' ताटावरून उठलो की फोन. 'माणिक, तळ्याकडल्या लोकांला दोन दिसाआड पाणी, आन् बँकेच्या मागं रोज, असं कामून?' मी म्हणायचो, 'अक्का, तुला काय करायचंय? तुझ्या नळाला यायलंय ना?' ती म्हणायची, 'माझ्या नळाचं इचारलं का मी?'

एकदा मी चिडून म्हणलो, 'अक्का, तू बांगड्या भर. पाण्याचं मी बघतो.'

तर म्हणली, 'तू बघतोस, पण दावत न्हाईस. म्हणून इचारायले.'



आता खदान गल्लीचं सांगतो. तुम्हाला वाटंल, आम्हाला काय सांगतोस, ठावं हाय. न्हाई. तुम्हाला ठावं न्हाई. तुम्ही तिकडं जात न्हाई. लाल दगडाची खदान बंद पडली, तिथं दगड फोडणारे लोक घरं बांधून ऱ्हायले. त्यांची लेकरं मोठी झाली, त्या लेकरांला लेकरं झाली. पण पंचायत हापीसच्या कागदावर तिथं अजून खदानच हाय. घर न्हाई, गल्ली न्हाई. अक्कानं तो कागद मागून बघितला. वापस येऊन गल्लीतल्या बायांला म्हणली, 'बायांनो, कागदावर तुम्ही खड्ड्यात ऱ्हाता.' बाया हसल्या. 

मंग बायांनीच मोबाईल काढले. ज्यांच्याकडं नव्हते त्यांनी सुनेचे घेतले, जावेचे घेतले. अक्का पुढं, बाया मागं. एकेक घर. एकेक नळ. बोळाचं नाव काय, तर लोक म्हणतेत तेच लिव्हायचं. रजियाबीचा बोळ. मोडक्या जात्याचा बोळ. एक म्हातारी म्हणली, 'माझं घर दिसतंय का त्याच्यात?' दावलं तर किती तरी येळ बघत बसली. म्हणली, 'आमचं बी घर गावात हाय म्हणायचं.'

ह्याला कुणी क्रांती म्हणू नका. गल्लीतली माणसं माणसात आली, एवढंच झालं. आन् ते करायला एक बांगड्यावाली लागली. हापीसात एवढी माणसं हायेत, एवढ्या गाड्या हायेत, कुणाचा पाय तिकडं वळला न्हाई.

त्याच्या दुसऱ्या वरसी, म्हणजे गेल्या वरसी, त्या गल्लीत दुखणं आलं. आधी जुलाब, वांत्या. मंग डोळे पिवळे. आज ह्या घरात, उद्या त्या घरात. दवाखान्यातल्या बाई म्हणल्या, पाणी उकळून प्या. बरोबर हाय, उकळावं. पण खराब कुठं व्हायलंय ते कोण बघणार?

अक्का पेटी घेऊन दारोदार फिरली. बांगड्या कोण भरणार त्या दिसांत? पण तिला घरात घेत व्हते. रजियाबी तिला म्हणल्या, 'अक्का, पानी में बू आरी. पहिले दो घागर में आरी, फिर नै आती.' अक्कानं ते वाक्य धरून ठेवलं. पयल्या दोन घागरी. मंग तिनं प्रत्येक घरात तेच इचारलं. वास येतो का? कवा येतो? सुरवातीला का शेवटाला? जिथं वास, तिथं लाल टिंब. जिथं न्हाई, तिथं हिरवं. बाया आपापल्या मोबाईलवरून टिंब टाकायच्या. पयलं लाल टिंब टाकलं सुनीतानं. कस्तुरबाई मावशीची सून. दोन लेकरांची आई. हसरी पोरगी व्हती. मला 'वाटरमनभाऊ' म्हणायची.

पाच-सहा दिसांत टिंबं जमली. अक्का सकाळी माझ्याकडं आली, मी शाळेपाशी व्हॉल सोडायलतो. मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. म्हणली, 'बघ.'

बघितलं. समदी हिरवी टिंबं एकीकडं. आन् लाल टिंबं एका वळीत. शाळेच्या कोपऱ्यापासून नालीच्या कडंकडंनं, वाकडीतिकडी, थेट खदान गल्लीपर्यंत.

अक्का म्हणली, 'माणिक, हे टिंबं असे वळीत कामून? ह्या नालीतून पाईप गेलाय का?'

मी म्हणलो, 'न्हाई अक्का. तिथं पाईपच न्हाई.'

आता ऐका. कुजबुज करू नका. पुरतं ऐका, मंग काय बोलायचं ते बोला.

तिथं पाईप व्हता. मला ठावं व्हतं. कामून ठावं? मीच टाकला व्हता.

लई वरसं झाली त्याला. खदान गल्लीतले लोक घागरी घेऊन हापीसपुढं बसले व्हते. निवडणूक जवळ आलेली. तवाचा ठेकेदार मला म्हणला, 'माणिक, शाळेच्या लाईनीवरून एक पाईप ओढ आन् त्यांची तोंडं बंद कर.' मी म्हणलो, 'कागद?' तो म्हणला, 'कागद मागून येईल.' लाल दगड फोडून चर काढायचा म्हणजे दहा-बारा दिसांचं काम. मी दोन दिसांत केलं. नालीच्या आतून प्लास्टिकचा पाईप टाकला आन् वर शहाबादी फरशी. एका सांध्याला जोड मिळाला न्हाई, तर सायकलची ट्यूब कापून गुंडाळली. मनात म्हणलं, चार दिसांसाठी हाय, मंग करू नीट. वाटेवरल्या घरांनी बी त्याच पाईपातून नळ काढले. कागद आला न्हाई. ठेकेदार गाव सोडून गेला. ट्यूब तिथंच ऱ्हायली.

पाणी चालू असतं तवर पाईप भरलेला असतो. पाणी बंद केलं की तो रिकामा व्हतो, आन् सांधा ढिला असला तर भाईरचं आत वढून घेतो. नालीतलं. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं की पयल्या दोन घागरीत तेच. अक्काला पाईपातलं काय बी कळत नव्हतं. तिनं नुसतं बायांला इचारलं, आन् ती बरोबर जाग्यावर आली. आन् मला समदं कळत व्हतं, आन् मी तिच्या तोंडावर सांगितलं, पाईपच न्हाई.

कामून? नोकरी जाईल म्हणून. ठेक्यावरला माणूस. एका फोनवर काढतेत. दुसरं काय कारण सांगू? दुसरं कारण न्हाई.

अक्का तशीच हापीसात गेली. चार बाया बरोबर घेऊन. मी दारात उभा व्हतो. हापीसच्या साहेबांनी मोबाईल हातात बी घेतला न्हाई. कॉम्प्युटरवर बघितलं आन् म्हणले, 'रेकॉर्ड इल्ला.' म्हणजे रेकॉर्ड न्हाई. म्हणले, तिथं आमची लाईनच न्हाई. मंग पाणी आमचं कसं? तुम्ही बोअरचं पीत असाल. अक्का म्हणली, 'साहेब, तुमच्याच नळाचं पाणी हाय, सकाळी साडेसहाला येतं, ह्या माणिकनं सोडल्यावर.' साहेब म्हणले, 'रेकॉर्ड इल्ला.' अक्का म्हणली, 'माणसं आजारी हायेत, त्यांचं तर रेकॉर्ड हाय ना दवाखान्यात?' साहेब म्हणले, हे टिंबं तुम्हीच टाकले, उद्या कुणीबी उठून काय बी टाकील, आम्ही सरकारी कागद बघतो.

रेकॉर्ड इल्ला! बघा म्हणजे. जमिनीत पाईप हाय, पाईपात पाणी हाय, पाण्यात घाण हाय, पोटात दुखणं हाय. पण कागदावर न्हाई, म्हणून काहीच न्हाई. आन् मी दारात उभा. एक शब्द बोललो असतो तर तिथंच संपत व्हतं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. 'काय रे माणिक, हाय का तिथं लाईन?' मी म्हणलो, 'मला काय ठावं न्हाई, साहेब.'

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मंग बायांला घेऊन निघाली.

त्याच्यानंतर तीन आठवडे गेले. अक्का रोज टिंबं वाढवत ऱ्हायली. मी रोज पाणी सोडत ऱ्हायलो. त्याच पाईपात. आन् सुनीताचे डोळे पिवळे झाले. पयलं घरचं औषध, मंग हितला दवाखाना, मंग कलबुर्गीला नेलं. तिथून ती वापस आली ती गाडीत झोपूनच. कपाळावर कुंकू तेवढं लाल व्हतं.

मातीला मी बी गेलो व्हतो. तिथून थेट अक्काच्या घरी गेलो. दुपार व्हती. अक्का पेटी पुसायलती. मी उंबऱ्यावर बसलो आन् समदं सांगितलं. ठेकेदार, नाली, ट्यूब, समदं. मला वाटलं, मारील. वाटलं, रडील. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

'सांधा कुठं हाय, दावता येईल?'

म्हणलो, 'व्हय.'

'मंग उठ.'

दुसऱ्या दिवशी सकाळी खदान गल्लीतल्या बाया नालीपाशी. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात घमेलं. अक्कानं कुणाला सांगितलं न्हाई की पाईप माणिकनं टाकला. नुसतं म्हणली, 'आपल्या टिंबांप्रमाणं हितं बघू या.' फरशी उचलली. गाळ काढला. तेवढ्यात हापीसची गाडी. साहेब उतरले. परवानगी न्हाई, नाली फोडता येणार न्हाई, केस करू. अक्का कमरेएवढ्या नालीत उभी. लुगडं गाळानं भरलेलं. वर बघून म्हणली, 'साहेब, हितं काहीच न्हाई म्हणलात ना? मंग आमी काहीच फोडत न्हाई.'

आन् पाईप निघाला. काळा. सांध्याला ट्यूबच्या चिंध्या. बायांनी तिथल्या तिथं फोटो काढले, नकाशात टाकले. संध्याकाळपर्यंत ते जिल्ह्यापर्यंत पोचले. दुपारपर्यंत जे नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी रेकॉर्डवर आलं. लोखंडी पाईप आला, नालीच्या भाईरून टाकला. पंधरा दिसांत वास गेला. दुखणं बसलं.

मंग काय झालं? मंग आपल्या गावानं सत्कार ठेवला. ह्याच समाजमंदिरात. अक्काचा, बायांचा आन्, लाज वाटते सांगायला, माझा. वाटरमन असून बायांच्या बाजूनं उभा ऱ्हायला म्हणून. माझ्या गळ्यात हार घातला तुम्ही. हार घालताना मी अक्काकडं बघितलं. ती उठून चालली व्हती. तुम्ही म्हणलात, अक्काला मान सोसत न्हाई. न्हाई हो. अक्काला तो हार सोसला न्हाई. माझ्या गळ्यातला.

हापीसनं बी मला सोडलं न्हाई. विनापरवाना नाली फोडायला मदत केली म्हणून घरी बसवलं. दुसरा माणूस ठेवला. त्याला व्हॉल सापडंनात. कुठला डांबराखाली, कुठला कुणाच्या पायरीखाली, कुठला उकिरड्यात. तीन दिस गाव कोरडं. चौथ्या दिवशी साहेबांचाच फोन, 'ये बाबा.' मी खूश. घरी बायकोला म्हणलो, बघ, माझ्याबिगर ह्यांचं चालत न्हाई.

महिनाभर न बोललेली अक्का त्याच दिवशी दारात आली. 'चल. समदे व्हॉल दाव. नकाशात टाकू.'

मी म्हणलो, 'अक्का, येडी झालीस का? ते माझ्या डोक्यात हायेत म्हणून तर मला ठेवलंय. तुझ्या नकाशात टाकले तर मला कोण इचारील?'

अक्का म्हणली, 'आन् तू उद्या मेलास तर? गावानं पाणी पिऊ न्हाई का? तुझ्या एकट्याच्या डोक्यात काय ऱ्हायलं की काय व्हतंय, ते बघितलंस ना?'

बघितलं व्हतं. चावी घेऊन उठलो. पुढं ती, मागं मी. दोन महिने चाललं ते. उन्हात. गुडघे दुखायचे तिचे, दर बोळात बसायची. तिला म्हणायचो, 'अक्का, ऱ्हाऊ दे आता.' ती म्हणायची, 'पुढला दाव.' एक बी व्हॉल सोडला न्हाई. आज हापीसात तोच नकाशा कॉम्प्युटरवर लावलाय. 'आमचा सर्वे' म्हणतेत. म्हणू द्या. पण साहेब, हितं बसलाव म्हणून सांगतो. खदान गल्ली त्याच्यातून परत खोडू नका. मागल्या महिन्यात खोडली व्हती, बायांनी परत टाकली. किती डाव खोडणार तुम्ही? आन् तिच्या नावाचा फलक लावायलाव म्हणता, आधी त्या गल्लीला कागदावर घ्या. फलक मागून लावा. न्हाई लावला तरी चालंल.

आता शेवटचं.

व्हॉल टाकून झाले त्या दिवशी अक्का म्हणली, 'माणिक, मला सांगितलंस ते झालं. कस्तुरबाईला कवा सांगतोस?' म्हणलो, 'सांगतो अक्का.' पंधरा दिसांनी परत इचारलं. 'सांगतो.' मरायच्या चार दिस आधी इचारलं. मी म्हणलो, 'अक्का, तूच सांग की.' ती म्हणली, 'ते माझं न्हाई. मी कुणाला सांगणार न्हाई.' न्हाईच सांगितलं तिनं. कुणाला बी न्हाई. आन् मला वाटायलतं, अक्का हाय, करू कवा तरी, ती इचारंल परत. आता कोण इचारणार?

कस्तुरबाई मावशी, तुम्ही तिकडं खांबापाशी बसलाव. मला दिसायलाव. तो पाईप मी टाकला. ट्यूब मी गुंडाळली. तुमच्या सुनेनं पयलं टिंब टाकलेला तो नकाशा अक्कानं दावला, तवाच मला कळलं व्हतं कुठं बिघडलंय. मी बोललो न्हाई. तीन आठवडे बोललो न्हाई. तवा बोललो असतो तर कदाचित सुनीता आज हितं तुमच्या बाजूला असती. सत्काराच्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला व्हता, मावशी. तो मी ठेवून घेतला.

माफ करा म्हणत न्हाई. तुम्हाला ठावं पायजे म्हणून सांगायलो.

जायलाव, मावशी?

व्हय. जा.

अहो, वाट द्या त्यांला. ती खुर्ची सरकवा. कुणी हात धरू नका त्यांचा, कुणी बसवू नका. कुणी समजूत घालू नका. जाऊ द्या.

…

गेल्या.

आता समदे उभे ऱ्हावा. खुर्चीवरले बी. मी दोन मिनिटं म्हणत न्हाई. आजवर आपण लई गप बसलोत, गप बसायला कुणी शिकवायची गरज न्हाई आपल्याला. पण आज अक्कासाठी गप बसू, आन् सुनीतासाठी. मी सांगेपर्यंत. त्याच्यानंतर मी हापीसात जाऊन हे समदं लिहून देणार हाय, माझ्या सहीनं. मंग मला ठेवायचं का काढायचं ते त्यांनी ठरवावं. व्हॉल कुठं हायेत ते आता समद्यांला ठावं हाय.

अक्का, शरणु. हात जोडतो तुला.

उभे ऱ्हावा.